काळ्यानंतरचा चेहरा

लग्नाच्या फिल्ममध्ये पडदा कधी काळा होऊ द्यायचा नाही, हा अमृताच्या दुकानाचा पहिला नियम. दोन चित्रांच्या मध्ये फुलं उधळा, हळदीचा पिवळा उजेड पसरवा, नवरीचा पदर या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवा, वाटेल ते करा. पण काळं नाही. एकदा तिच्या वडिलांनी, साहेबरावांनी, घाईत सप्तपदी आणि पाठवणीच्या मध्ये पडदा क्षणभर काळा जाऊ दिला होता. तर वरमाय कॅसेट घेऊन जिना चढून आली आणि ‘माझ्या लेकाच्या संसारात अंधार कालवलास’ म्हणत तिनं ती टेबलावर आपटली. तेव्हापासून नियम म्हणजे नियम.

साहेबराव गेले आणि गुलमंडीतल्या कापडदुकानाच्या डोक्यावरची ती खोली अमृताकडे आली. तिनं विद्यापीठातून पत्रकारितेची पदवी घेतली होती, पण तिचा राग काही कुठल्या विद्यापीठातला नव्हता, तो घरचाच. गिऱ्हाईक जिना चढून आलं की आधी शिवी खायचं आणि मग चहा प्यायचं. तरी यायचं, कारण तिचा सांधा कुणाला जमत नव्हता. सांधा हा साहेबरावांचा शब्द. ते म्हणायचे, चित्रं काय, कॅमेरा असणारा कुणीही काढतो. एक चित्र संपून दुसरं सुरू होतं तिथं काय घालायचं, हे ज्याला कळलं त्याला रडवता येतं, हसवता येतं आणि घाबरवताही येतं. माणसाला क्षणभर अंधारात ठेवा, उजेड झाल्यावर पहिला जो दिसेल त्याचीच त्याला भीती वाटणार, मग तो साक्षात देव का असेना. साहेबरावांनी ही विद्या आयुष्यभर लग्नांवर खर्च केली आणि अंधार कधी वापरला नाही.

हिमांशूला मात्र अंधाराशिवाय काही सुचत नव्हतं. हा पुण्याला जाऊन सिनेमाचा कसलासा कोर्स करून आलेला, दाढी वाढवलेला, वाक्यागणिक ‘व्हिजन’ म्हणणारा. त्याचे वडील व्यंकटराव कोर्टात कारकून होते. उभा जन्म दुसऱ्यांची नावं पुकारण्यात गेला, म्हणून आता स्वतःचं नाव मोठ्या अक्षरांत बघायची हौस दाटून आली होती. त्यांनी प्लॉट विकला आणि लेकाला सिनेमा काढून दिला. सिनेमाचं नाव मी सांगत नाही, फुकटची जाहिरात नको. गोष्ट अशी की गावात गुरं मरायला लागतात, लोक एका म्हातारीवर भानामतीचा आळ घेतात, तिला मारायला उठतात आणि गावातले देवमाणूस हेडमास्तर मध्ये पडून तिला वाचवतात. देवमाणसाचं काम कुणी केलं हे वेगळं सांगायला नको.

म्हातारी कोण करणार, यावर बराच काळ घोडं अडलं होतं. नाटकातल्या बाया येऊन गळा काढून जायच्या आणि हिमांशू कपाळ धरायचा. संकलनाचं काम अमृताकडे होतं. वैतागून तीच एक दिवस बोलून गेली, “माझ्या आत्याला उभी करा. तिला रडायलाही लागणार नाही.”

आत्या म्हणजे कडूबाई, साहेबरावांची थोरली बहीण. देवगाव रंगारीला सासर, दुसऱ्यांच्या रानात कापूस वेचून हात राठ झालेले, डोळे मोठे आणि पापणी सहसा न लवणारे. सिनेमाची गोष्ट ऐकल्यावर ती लगेच हो म्हणाली, आणि त्याला कारण होतं. गोष्ट तिच्या आईची होती.

कडूबाईची आई केसरबाई माहेरच्या गावात बाळंतपणं करायची. एका साली गावातल्या म्हशी पाठोपाठ दगावल्या आणि कुणाच्या तरी तोंडून केसरबाईचं नाव निघालं. पुढं साहेबराव मॅट्रिक पास झाला तेव्हा ती थाळीत पेढे घेऊन निघाली. जातीमुळं ज्यांनी कधीच तिच्या हातचं घेतलं नाही त्यांचं सोडा. पण स्वतःच्या वस्तीतल्या, तिनं ज्यांची पोरं हातावर झेलली त्या बायांनी दारं लावून घेतली. भानामती करणारीच्या हातचं कोण खाणार? थाळी जशी भरलेली गेली तशी भरलेली परत आली. कडूबाई तेव्हा तिच्या बरोबर होती. ते गाव त्यांनी सोडलं. देवगावात कडूबाईचा संसार झाला, पण मागचं बोलणं माणसाच्या मागं येतंच. ‘आई तसली, लेक कसली’ असं कुणी तोंडावर म्हणालं नव्हतं एवढंच. सिनेमा आला तर एकदा सगळ्यांना दाखवावं की आपली आई तशी नव्हती, एवढ्यासाठी ती उन्हातान्हात फर्दापूरच्या माळावर उभी राहिली होती.

शूटिंग झालं, सिनेमा जुळून आला, आणि हिमांशू लॅपटॉप काखेत मारून जिना चढला. ट्रेलर त्यानं स्वतःच लावून आणला होता.

“मॅडम, असा मूड पाहिजे मला. तुम्ही फक्त फिनिशिंग करा.”

लॅपटॉप सुरू झाला. गोठा. पडदा काळा. ढोलाचा एकच दणका आणि कडूबाईचा चेहरा. मेलेली म्हैस. काळं. दणका. कडूबाईचे हात. पाळणा. काळं. या वेळी दणका नाही, नुसती शांतता, आणि त्या शांततेतून हळूच कडूबाईचे न लवणारे डोळे. अमृताच्या अंगावर काटा आला. स्वतःच्या आत्याला बघून काटा आला म्हणून तिचं टाळकं फिरलं.

“ही कुणीकडची गोष्ट? तुमच्या सिनेमात ती निर्दोष आहे ना?”

“शेवटी आहे. पण ते ट्रेलरमध्ये सांगितलं तर तिकीट कोण काढणार? आधी घाबरवायचं, मग थिएटरमध्ये सोडवायचं.”

“आणि जे थिएटरमध्ये येणार नाहीत ते?”

“म्हणजे?”

“म्हणजे माझ्या आत्याचं गाव! तुमच्या सिनेमाला तिथून किती माणसं इथवर येणार आहेत? एक ट्रेलर तेवढा सगळ्यांच्या मोबाईलात जाणार. तुम्ही तिला चौकात उभी करून सोडवायचं पुढच्या आठवड्यावर टाकताय.”

हिमांशू हसला. शिकलेल्या माणसाचं ते हसू अमृताला फार जुनं ओळखीचं होतं. “तुम्ही खूप पर्सनल घेताय. लोक एवढे मूर्ख नसतात आता.”

“लोक मूर्ख नसते तर तुम्ही असला ट्रेलर कशाला लावला असता?”

यावर त्याचं हसू गेलं. तो म्हणाला, सगळं फुटेज त्याच्याकडे आहे, पुण्यात त्याचे मित्र आहेत, मॅडमना जमत नसेल तर हाच ट्रेलर तो तिथून करून घेईल. जाता जाता दारात थांबून पुढं म्हणाला, “लग्नाच्या व्हिडिओतून बाहेर या जरा.” अमृतानं स्टेपलर फेकला. तो दाराला लागला, हिमांशूला नाही, याचं तिला दिवसभर वाईट वाटत राहिलं.

म्हणजे काम सोडून उपयोग नव्हता. तिनं सोडलं तरी ट्रेलर होणारच होता. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा.

त्यात दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबाईच येऊन उभी राहिली. ट्रेलर दाखवण्याच्या समारंभात नेसायला गुलमंडीत लुगडं घ्यायला आली होती. “जय भीम, अमृते,” म्हणत ती खुर्चीत टेकली आणि सांगत सुटली. गावातून टेम्पो ठरलाय, शेजारची आशाबाई नातीला घेऊन येणार आहे, सरपंचसुद्धा येतो म्हणालाय. अमृता पाणी आणायला उठली आणि तेवढ्यात स्क्रीनवर हिमांशू ठेवून गेलेला तुकडा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. थांबवायला ती धावली, पण कडूबाईनं हात आडवा केला.

तिनं तो शेवटपर्यंत बघितला. मग डोक्यावरचा पदर नीट केला.

“ही तर माझी आई दिसायली,” ती म्हणाली. “म्हंजे लोकायला दिसली ती आई. मला कधी नाय दिसली अशी.”

“आत्या, हे मी नाही केलं.”

“कुणी बी केलं असू दे. आशाबाई माझ्या हातचं कालवण नेती रोज तिच्या नातीला. हे बगितल्यावर नेईल का? तूच सांग.” आणि ती उठली. “तू म्हनलीस म्हून मी उभी ऱ्हायले, अमृते. आता ह्या वयात मला गाव सोडाया लावू नको बाई.”

लुगडं न घेताच ती जिना उतरून गेली.

अमृतानं दुकानाचं दार लावून घेतलं. आधी तिनं मनसोक्त शिव्या घातल्या, हिमांशूला, व्यंकटरावांना, पुण्याला, आणि सगळ्यात जास्त स्वतःला. मग ती फुटेज बघायला बसली. व्यंकटरावांनी प्लॉट विकल्याची वसुली पुरेपूर केली होती. देवमाणूस जिकडे तिकडे होता. देवमाणूस कंदील घेऊन चाललाय, देवमाणूस दार उघडून प्रेमळ हसतोय, देवमाणूस लेकराच्या हातावर गुळाचा खडा ठेवतोय, देवमाणूस मेलेल्या म्हशीजवळ बसून मान हलवतोय. हसणं त्यांना जमत नव्हतं, दात आधी दिसायचे आणि डोळे मागून यायचे. सिनेमात हे हसणं लपवता लपवता तिच्या नाकी नऊ आले होते. आता ती त्या हसण्याकडे बघत राहिली, आणि वडिलांचा सांधा तिला आठवला.

हिमांशूला काळं पाहिजे होतं ना? दणका पाहिजे होता, शांतता पाहिजे होती. सगळं द्यायचं. एकसुद्धा कमी करायचं नाही.

तिनं एवढंच केलं की काळ्यानंतरचा चेहरा बदलला. मेलेली म्हैस, काळं, दणका, आणि कंदील घेतलेले हेडमास्तर. पाळणा, काळं, दणका, आणि लेकराच्या हातावर गूळ ठेवणारे हेडमास्तर. शेवटी लांबलचक शांतता, दार हळूच उघडतं, आणि ते हसणं. कडूबाईला मात्र तिनं लग्नघरातली वागणूक दिली. कापूस वेचणारी कडूबाई विरघळून उन्हात बसलेली कडूबाई होते, तीही विरघळते आणि चुलीपाशी भाकरी थापणारी होते. मध्ये हळदीचा पिवळा उजेड, काळ्याचा ठिपका नाही. एकदा तिचा हात सवयीनं पांढऱ्याकडे गेला होता, पण पांढऱ्यात चेहरा विरतो तो लग्नाच्या फिल्ममध्ये कैलासवासी आजोबांचा. तो तिनं चटकन पुसला.

तिला वाईट वाटलं का? अजिबात नाही. चांगलं गरगरीत समाधान वाटलं, जेवण झाल्यासारखं.

बापलेक ट्रेलर बघायला एकत्रच आले. हिमांशू मागं उभा, व्यंकटराव पुढं खुर्चीत, नवा सदरा घालून. तुकडा सुरू झाला. पहिला दणका झाला आणि पडद्यावर कंदील आला, तसे व्यंकटराव सरसावून बसले. दुसऱ्याला त्यांनी गुडघ्यावर थाप मारली. शेवटचं हसणं येऊन पडदा विझला तेव्हा त्यांचे डोळे भरून आले होते.

“मुली,” ते म्हणाले, “या पोराच्या ट्रेलरमध्ये मी कुठं दिसतच नव्हतो गं. तू न्याय दिलास.”

हिमांशूचा चेहरा मात्र उतरला होता. कोर्स काही अगदीच वाया गेला नव्हता, त्याला सगळं कळलं होतं. तो म्हणाला, “बाबा, हे चालणार नाही.”

“का?”

“म्हणजे तुमचे शॉट्स… जरा जास्त होतायत.”

“जास्त? सिनेमा माझा, तोंड माझं आणि जास्त कुणाला होतंय?”

“तसं नाही बाबा. ते तुमचं… म्हणजे शेवटी तुम्ही हसता ना, ते…”

“ते काय?”

अमृता हाताची घडी घालून भिंतीला टेकली होती. हिमांशूनं तिच्याकडे असं बघितलं की खाऊ की गिळू. बोलायचं वाक्य एकच होतं, ‘बाबा, तुम्ही भयंकर दिसता’. पण प्लॉट विकून सिनेमा काढून देणाऱ्या बापाला ते सांगायची छाती त्याच्याकडे नव्हती.

“ते छान आहे,” तो म्हणाला.

“मग झालं तर!” व्यंकटरावांनी पेनड्राईव्ह मागून घेतला आणि सदऱ्याच्या खिशात टाकला. “हा आता माझ्याजवळ राहील. तुझा भरवसा नाही.”

जिन्यात हिमांशू मागं वळून दातओठ खात म्हणाला, “तुम्हाला या शहरात परत सिनेमाचं काम मिळणार नाही, बघाच.” “मग लग्नं आहेतच की,” अमृता म्हणाली, आणि तिनं दार लावलं.

समारंभ एका भाड्याच्या हॉलमध्ये झाला. अर्धे लोक व्यंकटरावांचे नातेवाईक, अर्धे टेम्पोनं आलेले देवगावचे. कडूबाई जुनंच लुगडं नेसून आली होती आणि दाराजवळच्या खुर्चीत, निघून जाता येईल अशी, बसली होती. अमृतानं तिला काही सांगितलं नव्हतं. दिवे गेले.

पहिल्या दणक्याला हॉल दचकला. दुसऱ्याला कुणीतरी ‘अरे बाप रे’ म्हणालं. मध्ये कडूबाई पडद्यावर आली, पिवळ्या उजेडात भाकरी थापत, आणि देवगावचे लोक ‘आपली कडूबाई, आपली कडूबाई’ करत सुटले. मग ती लांबलचक शांतता. दार उघडलं, दात दिसले, मागून डोळे आले, आणि आशाबाईच्या नातीनं अशी किंकाळी फोडली की टाळ्या वाजवायचं कुणाला सुचेना.

“कडूबाई,” आशाबाई अंधारातच म्हणाली आणि ते सगळ्यांना ऐकू गेलं, “असल्या माणसासंगं तू एकलीच काम करत व्हतीस व्हय गं? भ्या नाय वाटलं?”

दिवे लागले. व्यंकटरावांनी ट्रेलर सकाळीच आपल्या हातानं ओळखीच्या प्रत्येक ग्रुपवर धाडलेला होता, त्यामुळं हिमांशूला आता धावाधाव करून उपयोग नव्हता. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. व्यंकटराव पेढ्यांचा बॉक्स घेऊन लोकांत शिरले. लोक हसले, छान छान म्हणाले, पण ते जवळ आले की थोडे सरकले. मुद्दाम कुणी करत नव्हतं, अंगच सरकत होतं. त्यांनी आशाबाईच्या नातीपुढं पेढा धरला. पोरगी रडत कडूबाईच्या मागं गेली आणि तिच्या लुगड्यात तोंड खुपसून उभी राहिली. आशाबाई ओशाळून म्हणाली, “ऱ्हाऊ द्या साहेब, तिला गोड चालत नाय.” मग शेजारच्या बाईलाही चालत नव्हतं, तिच्या पलीकडच्या माणसाची शुगर निघाली. बॉक्स भरलेलाच होता.

अमृताला हे सगळं दिसत होतं आणि मनातून उकळ्या फुटत होत्या. तिनं आत्याकडे बघितलं, शाबासकीसाठी. कडूबाई बघत होती त्या बॉक्सकडे.

“तू केलंस व्हय हे?” तिनं विचारलं.

“हो. काळं पाहिजे होतं त्यांना. दिलं.”

“उतारा केलास तू, अमृते. माझ्यावरचा काढून त्या म्हाताऱ्याच्या दारात टाकलास. आपुन असलं मानत नाय म्हंतो ना?”

“मग काय करायचं होतं मी?” अमृता फिस्कारली. “तुला गाव सोडू द्यायचं होतं?”

कडूबाईनं पोरीचा हात धरला आणि ती सरळ व्यंकटरावांपुढं जाऊन उभी राहिली. सगळ्यांच्या देखत तिनं बॉक्समधला पेढा उचलला, अर्धा मोडून स्वतःच्या तोंडात टाकला आणि सावकाश चावून गिळला. उरलेला अर्धा तिनं नातीपुढं धरला. पोरीनं एकदा व्यंकटरावांकडे बघितलं, एकदा कडूबाईच्या हाताकडे. मग तो अर्धा पेढा घेऊन तिनं मुकाट्यानं खाल्ला. आशाबाईनं अडवलं नाही. हातातल्या रुमालानं तिनं पोरीचं तोंड पुसलं आणि आपणही बॉक्सकडे हात केला.

बॉक्स फिरत फिरत अमृतापाशी आला. व्यंकटराव आता हसत नव्हते. हसत नसले की ते साध्या, थकलेल्या, कोर्टातल्या म्हाताऱ्यासारखे दिसायचे, हे तिनं इतक्या दिवसांत एकदाही पडद्यावर येऊ दिलं नव्हतं.

“मुली,” त्यांनी हळू विचारलं, “मी असा दिसतो का गं?”

तिच्या जिभेवर चार चांगली तिखट उत्तरं तयार होती. हिमांशू मागून बघत होता, त्याच्यासाठी तर पाचवंही होतं.

“नाही, काका,” ती म्हणाली. “मी तसं दाखवलं.”

त्यांनी मान हलवली आणि बॉक्स पुढं धरला. तिनं पेढा घेतला. ट्रेलर मात्र तिनं पुढं कधी बदलून दिला नाही, त्यांनी दोनदा जिना चढून विनवलं तरी.